तिसऱ्या तारेवर पिक उचला

पिक म्हणजे तारा छेडायचा छोटा तिकोनी तुकडा. तो आणि बोटं एकाच हातात वापरून स्वीप, म्हणजे पिक एकाच ओढीत अनेक तारांवरून नेणं, कसं करायचं ते इथे सांगते. मी बोटांकडून पिककडे आले. गिटार वाजवणाऱ्या बहुतेकांचं उलट असतं. आधी हातात पिक येतं, चार कॉर्ड जमतात, ग्रुपमध्ये गाणी वाजतात आणि मग कधीतरी कुणाचं तरी बोटांनी वाजवलेलं ऐकून आपणही बोटं वापरावीत असं वाटायला लागतं. माझी सुरुवातीची वर्षं मात्र म्हापशाला एका सरांकडे नायलॉनच्या तारांवर गेली. वेंगुर्ल्याहून शिरोडा, सातार्डा, पेडणे करत बसने जायचं, मांडीवर गिटारची कापडी पिशवी. सरांच्या खोलीत पिक नावाची वस्तूच नव्हती. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका. स्पॅनिश नावांच्या आद्याक्षरांवरून पी, आय, एम, ए. करंगळी बहुतेक वेळ बसून असायची.

पुढे इकडे एका ऑर्केस्ट्रात वाजवायची वेळ आली तेव्हा नायलॉनची गिटार कामाची नाही हे पहिल्याच तालमीत कळलं. शेजारी कीबोर्ड, पलीकडे ऑक्टोपॅड, त्यात नायलॉन कोण ऐकणार? मग स्टीलच्या तारा आल्या, इलेक्ट्रिक गिटार आली आणि तिच्याबरोबर पिक आलं.

पिक धरलं की अंगठा आणि तर्जनी दोन्ही अडकतात. पिकवाल्यांना याचं काही वाटत नाही, कारण त्यांच्याकडे ती दोन बोटं वेगळी कधी नव्हतीच. मला ते जड गेलं. पाश्चात्त्य क्लासिकल गिटारमध्ये धावत्या सुरावटीचं सगळं काम तर्जनी आणि मधल्या बोटाच्या आलटून-पालटून चालण्यावर उभं असतं. त्यातलं एक चाक काढून घेतलं तर उरतात मधलं बोट, अनामिका आणि ती बसून राहिलेली करंगळी. एवढ्या सामानावर संसार करायचा.

हे सामान वापरणारे लोक जुने आहेत. अमेरिकन कंट्री संगीतात पिक आणि बोटं एकत्र वापरण्याची पद्धत कधीपासून आहे. जेम्स बर्टन, जो पुढे एल्व्हिस प्रेस्लीच्या बँडमध्ये होता, तो अंगठा-तर्जनीत साधं पिक धरून मधल्या बोटावर वेगळं बोटात घालायचं पिक चढवायचा. अल्बर्ट ली आणि डॅनी गॅटन यांचा उजवा हात बघितला तर पिक खाली जातंय आणि बोटं वर ओढतायत हे इतक्या वेगात चालतं की कोणता सूर कशाने वाजला ते डोळ्यांना कळत नाही. स्वीपचं घराणं निराळं. पन्नासच्या दशकात टॅल फार्लो, बार्नी केसेल यांच्यासारखे जॅझवाले पिक एकाच दिशेने तारांवरून ओढून नेत, पण त्याची पद्धतशीर मांडणी केली ती ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक गँबालेने, १९८०च्या दशकात. पुढे मेटलवाल्यांनी ते उचललं आणि आता यूट्यूबवर स्वीप म्हणजे फक्त मेटल असा पोरांचा समज आहे. दोन्ही एका हातात आणणारा ब्रेट गार्सेड, तोही ऑस्ट्रेलियनच. त्या देशात गिटारच्या उजव्या हाताचं काय चाललंय याचा कुणीतरी छडा लावायला हवा.

माझ्याकडे शिकणारा एक मुलगा आहे, सतरा वर्षांचा. वडील ट्रॉलरवर असतात, हाही सुट्टीत त्यांच्याबरोबर जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा याचे दोन महिने माझ्या खोलीवर. आल्या आल्या त्याचं एकच: "ताई, माका स्वीप शिकय." मी म्हटलं, शिकवते, पण बोटांसकट. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जाळ्याऐवजी गरी दिली.

"पिक हातात आसा तर बोटां कित्याक?"

त्याला जे उत्तर दिलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

स्वीप म्हणजे पिकने एकाच दिशेने सलग तारा ओलांडत जाणं. प्रत्येक तारेसाठी वेगळा फटका मारायचा नाही. वरून चिऱ्याच्या पायऱ्या उतरताना पाय जसा एकेका पायरीवर टेकत जातो तसं पिक एक तार वाजवून पुढच्या तारेवर टेकतं आणि तिथून पुन्हा पडतं. क्लासिकलवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. आमच्याकडे अंगठ्याने वाजवून तो शेजारच्या तारेवर टेकवायचा त्याला अपोयांदो म्हणतात, आणि न टेकवता हवेत सोडायचा त्याला तिरांदो. स्वीप हे पिकचं सलग अपोयांदो आहे. मला पिकने सगळ्यात आधी स्वीप जमलं ते यामुळेच. अंगठा वर्षानुवर्षं हेच करत होता. अप-डाउन, अप-डाउन हे आलटून-पालटून मारणं मला उलट फार उशिरा आलं.

स्वीपमध्ये उतरणं सोपं असतं. खरं दुखणं वळणावर आहे. पाचव्या तारेवरून पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेपर्यंत पिक सरसर खाली आलं, आता त्याला परत फिरायचंय. खाली येताना पिक एका बाजूला कललेलं असतं, वर जाताना ते विरुद्ध बाजूला कलायला हवं, नाहीतर तारेत अडकतं. म्हणजे वळणावर दिशा बदलायची, कल बदलायचा, आणि तेवढ्यात डाव्या हाताची करंगळी पाच फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) पलीकडे जाऊन आदळायची. हे सगळं एका क्षणात. यूट्यूबवरची पोरं खाली येताना छान येतात आणि वळणावर गर्दी करतात. शेवटचे तीन सूर एकमेकांवर चढतात. त्यावर ते आणखी वेग वाढवतात, म्हणजे गर्दी कळू नये.

बोटं इथे लागतात. वळण पिककडून काढून घ्यायचं आणि बोटांना द्यायचं.

उदाहरण घेऊ. ए मायनर कॉर्डचे सूर एकेक करून, पाच तारांवर. पाचव्या तारेवर बारावा फ्रेट, मग तिथेच पंधराव्यावर हॅमर-ऑन, म्हणजे तार न छेडता डावं बोट आपटून काढलेला सूर. चौथ्या तारेवर चौदावा. तिसऱ्या तारेवर चौदावा. दुसऱ्या तारेवर तेरावा. पहिल्या तारेवर बारावा आणि तिथून सतराव्यावर हॅमर-ऑन. मग सगळं उलट. ज्यांच्याकडे साधी अकूस्टिक आहे आणि सतराव्या फ्रेटपर्यंत हात जात नाही त्यांनी हेच सगळं सात फ्रेट खाली आणावं: पाचव्या तारेवर पाच आणि आठ, मग सात, सात, सहा, आणि पहिल्या तारेवर पाच आणि दहा. तो डी मायनर होतो.

आता उजवा हात. पाचवी, चौथी आणि तिसरी तार पिकने, डाउन, एकाच ओढीत. दुसरी तार मधल्या बोटाने. पहिली अनामिकेने. वरचा हॅमर-ऑन आणि त्याचा पुल-ऑफ (तेच बोट ओढून काढत खालचा सूर वाजवणं) डाव्या हाताचा, उजव्याला त्यात काम नाही. परत येताना दुसरी तार पुन्हा मधल्या बोटाने, आणि मग तिसरी, चौथी, पाचवी पिकने अप. पाचव्या तारेवर पंधरावा अपने वाजला की बारावा पुन्हा डाउनने, आणि पुढची फेरी सुरू.

वरचे सूर मोजून बघा. पिक तिसऱ्या तारेवरून सुटल्यापासून पुन्हा तिसऱ्या तारेवर येईपर्यंत मध्ये पाच सूर जातात: मधलं बोट, अनामिका, हॅमर, पुल, मधलं बोट. जे वळण आधी एका क्षणात घ्यावं लागत होतं त्यासाठी आता पाच सुरांची सवड आहे. मनगट निवांत फिरतं, पिकचा कल बदलतो, आणि ते अपसाठी तयार होऊन वाट बघत राहतं.

हे कळलं की पोरं लगेच वाजवायला बसतात आणि लगेच अडकतात, आणि बहुतेक सगळी एकाच जागी. तिसऱ्या तारेवर. कारण स्वीपची शिस्त अशी की वाजवून पुढच्या तारेवर टेकायचं. पाचवी वाजवली, चौथीवर टेकलं. चौथी वाजवली, तिसरीवर टेकलं. तिसरी वाजवली आणि सवयीने पिक दुसरीवर जाऊन टेकलं. पण दुसरी तार तर मधल्या बोटाची आहे! बोट तिथे आधीच उभं आहे. पिक आणि बोट एकाच तारेवर, "टक्" असा आवाज, आणि सूर मेला.

म्हणून तिसऱ्या तारेवर पिक उचलायचं. पाचवी आणि चौथी तार अपोयांदो, तिसरी तिरांदो. मनगटाला किंचित बाहेरच्या बाजूला झोल द्यायचा, म्हणजे पिक तिसरी तार छेडून हवेत सुटेल आणि दुसरीला शिवणार नाही. हा झोल मोठा नको. तार ओलांडण्यापुरता पुरे. पण तो ठरवून यायला हवा, कारण स्वीप करणारा हात स्वतःहून तो कधीच देणार नाही, त्याचं सगळं शिक्षण टेकण्याचं आहे. मी त्या मुलाला सुरुवातीला डाव्या हाताशिवायच बसवते. डावा पंजा तारांवर आडवा ठेवून सगळ्या म्यूट करायच्या आणि नुसता उजवा हात: टेक, टेक, उचल, मधलं, अनामिका. "खट् खट् खट् खट् खट्" एवढंच ऐकू येतं. पाचही खट् एकसारखे यायला लागले की मग सूर.

यात एक फुकटचा फायदा आहे, तो मला क्लासिकलमुळे दिसला. तिकडे बोट तारेवर आधीच नेऊन ठेवण्याची सवय लावतात, प्लँटिंग म्हणतात. पिक पाचव्या-चौथ्या तारेवर असतानाच मधलं बोट दुसरीवर आणि अनामिका पहिलीवर नुसती टेकवून ठेवायची. त्यामुळे त्या दोन तारा गप्प राहतात. ज्यांनी डिस्टॉर्शन लावून स्वीप केलंय त्यांना याची किंमत कळेल. डिस्टॉर्शनमध्ये बारीक-मोठे आवाज दाबून एका पातळीवर आणले जातात, त्यामुळे नको असलेल्या तारेची कुजबुजही गर्जना होऊन बाहेर येते. खालच्या जाड तारा तळहाताच्या कडेने दाबता येतात, पण वरच्या बारीक तारांसाठी डाव्या तर्जनीच्या आडव्या अंगावर अवलंबून राहावं लागतं. इथे उजव्या हाताचीच दोन बोटं पहारा देतात.

डाव्या हाताकडेही थोडं बघावं लागतं. चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर एकच चौदावा फ्रेट आहे. अनामिका दोन्हींवर आडवी दाबून ठेवली तर ती कॉर्ड वाजते, आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सूर सुटे सुटे वाजवणं, राहत नाही. बोट एका तारेवरून दुसऱ्या तारेवर लोळवायचं, दुसरी दाबताना पहिलीवरचा जोर सोडायचा. बाकी डाव्या हाताबद्दल यूट्यूबवर पोत्याने साहित्य आहे, मी इथे पाल्हाळ लावत नाही.

लयीचं मात्र सांगते. ही फेरी बारा सुरांची होते, तेराव्यावर परत पहिला. मी मेट्रोनोम साठवर लावून सुरुवातीला एका ठोक्याला एकच सूर घ्यायला लावते आणि तोंडाने दादरा म्हणायला लावते: धा धी ना, धा ती ना. बारा सुरांत दादऱ्याची दोन आवर्तनं बसतात. पहिल्या आवर्तनाची सम पाचव्या तारेच्या डाउनवर, तिथे पिक आहे, ती दणकट येते. दुसऱ्या आवर्तनाची सम सातव्या सुरावर, म्हणजे सतराव्या फ्रेटच्या हॅमर-ऑनवर. तिथे उजवा हात काहीच करत नाही! सगळी सम डाव्या करंगळीच्या खांद्यावर. त्या मुलाचे बाबा भजनात मृदंग वाजवतात, त्याला सम बरोबर कळते. त्याने स्वतःच ऐकून सांगितलं, "ताई, दुसरी सम पडता." त्यानंतर मला त्याला हॅमर-ऑनचा जोर वेगळा शिकवावा लागला नाही. ज्यांना दादरा माहीत नाही त्यांना मी तीन-तीन मोजायला सांगते, पण भजनातून आलेल्या पोरांना हे फार लवकर येतं असा माझा अनुभव आहे.

आता आवाजाचा प्रश्न. प्लास्टिकच्या पिकचा सूर टोकदार असतो, बोटाच्या मांसाचा गोल. एकाच सुरावटीत तीन सूर टोकदार आणि दोन गोल आले तर ऐकणाऱ्याला ती दोन तुकड्यांत ऐकू येते. कंट्रीवाल्यांना हा फरक हवाच असतो, ते बोटाने तार वर ओढून फ्रेटवर आपटवतात, त्यातून त्यांचा तो चटपटीत आवाज निघतो. आर्पेजिओत तो नको. त्यासाठी दोन गोष्टी. बोट तार वर, गिटारपासून लांब ओढतंय का ते बघायचं. ते आत, तळव्याच्या दिशेने जायला हवं. आणि पिक कडक हवं, पण चकचकीत नको. पातळ पिक स्वीपमध्ये तारेवर वाकतं, सुटायला उशीर करतं आणि लय मागे ओढतं. एक मिलिमीटरच्या खालचं मी स्वीपसाठी कुणाला देत नाही. बाजारात जॅझ थ्री म्हणून १.३८ मिलिमीटरचं छोटं टोकदार पिक मिळतं, ते या कामाला चांगलं आहे, फक्त माझ्या बोटांच्या मानाने त्याचा आवाज जरा जास्तच स्पष्ट.

मी वापरते ते नारळाच्या करवंटीचं. यात नवल काही नाही. सरोदवाले ज्याने वाजवतात तो जवा पूर्वापार करवंटीचाच असतो. आमच्या परसात करवंट्यांना तोटा नाही. जून, पूर्ण वाळलेल्या नारळाची करवंटी घ्यायची, बाहेरचा काथ्या काचेच्या तुकड्याने खरवडून टाकायचा, हॅकसॉने तिकोनी तुकडा कापायचा आणि मग पॉलिश पेपर. आधी खरखरीत, शेवटी अगदी बारीक. करवंटीला मुळातच बाक असतो, अंगठा त्यात नीट बसतो. टोकाकडे ती दीड मिलिमीटरपर्यंत घासून घ्यावी आणि कडा गोल कराव्यात, कडा चौकोनी राहिल्या तर स्वीपमध्ये अडकतात. स्टीलच्या तारांवर ती प्लास्टिकपेक्षा लवकर झिजते, अधूनमधून पुन्हा घासायला लागते. पण तिचा आवाज बोटाच्या आवाजाजवळ जातो. डोळे मिटून ऐकलं तर पिक कुठे संपलं आणि मधलं बोट कुठे सुरू झालं हे माझ्या आईला ओळखता येत नाही. तिला एरवी माझ्या वाजवण्यात सगळ्या चुका ऐकू येतात, तेव्हा हे प्रमाणपत्र मी मोठं मानते.

बोटांच्या बाबतीत किनाऱ्यावर राहणाऱ्यांचे प्रश्न पुस्तकांत नसतात. मार्चपासून आमच्याकडे काजू. ओल्या काजूगराची उसळ खायला सगळ्यांना हवी, पण ओली बी फोडून गर काढणं म्हणजे हाताला काय होतं ते काढणाऱ्यालाच माहीत. सालीतला चीक कातडी जाळतो. हाताला तेल लावा, राख लावा, बोटांची टोकं काळी पडतात आणि काही दिवसांनी साल निघते. डाव्या हाताला मेहनतीने आलेले घट्टे त्याबरोबर जातात. उजव्या हाताच्या नव्या कातडीला स्टीलची तार चावते. म्हणून त्या महिन्यांत मी बोटं वापरत नाही, नुसतं पिक, नुसतं स्वीप. हातमोजे घालून काजू सोलता येतात, हे मला अनेकांनी सांगितलं आहे. हातमोजे घालून आमच्या आईसमोर बसून दाखवा.

मग पाऊस लागतो आणि दुसरं प्रकरण. तारा गंजतात. खाऱ्या हवेत एरवीही गंजतातच, पण जून-जुलैत नव्या तारा बघता बघता खरखरीत होतात, आणि तो खरखरीतपणा पिकला कळत नाही, बोटाला लगेच कळतो. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती कपड्याने खालून-वरून पुसायची, गिटार केसमध्ये, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते असं म्हणतात, आमच्याकडे पावसात ती नव्वदीत असते, तेव्हा त्या पुड्या म्हणजे मनाचं समाधानही असेल. नखंही मऊ होतात. मी नख मांसाच्या जेमतेम पुढे येईल एवढंच ठेवते. आधी मांस तारेला लागतं, सुटताना नखाची कड. लांब नख ठेवलं तर नारळ खवताना तुटतं, आणि एका बोटाचं तुटलं की दोन बोटांचे आवाज वेगळे.

वीज गेली की इलेक्ट्रिक गिटार ॲम्पशिवाय वाजवायची. तेव्हा हात नकळत जोर लावायला लागतो, तेवढं सांभाळलं तर ॲम्पशिवायचा सराव या कामाला उत्तम. कुठला सूर दबला ते लपत नाही.

त्या मुलाला बारा सुरांची फेरी सावकाश येऊ लागल्यावर मी त्याला वेग वाढवू दिला नाही. त्याऐवजी गाण्यात वापरायच्या चार कॉर्ड दिल्या. माझ्या मते या तंत्राचा खरा उपयोग तिथे आहे, आर्पेजिओच्या कसरतीपेक्षा जास्त. ए मायनर: सहाव्या तारेवर पाचवा फ्रेट, पाचवीवर सातवा, चौथी सोडायची, तिसरीवर पाचवा. एफ: सहावीवर पहिला, पाचवीवर तिसरा, चौथी सोडायची, तिसरीवर दुसरा. सी: पाचवीवर तिसरा, चौथीवर पाचवा, तिसरी सोडायची, दुसरीवर पाचवा. जी: सहावीवर तिसरा, पाचवीवर पाचवा, चौथी सोडायची, तिसरीवर चौथा. प्रत्येक कॉर्डमध्ये तीनच सूर. खालचे दोन पिकच्या एका ओढीत, वरचा मधल्या बोटाने, मध्ये एक तार रिकामी. नेहमीच्या कॉर्डमध्ये सूर एकमेकांना खेटून असतात. इथे गंधार वर उचलून ठेवल्यामुळे कॉर्ड ऐसपैस पसरते, दोन वाद्यं वाजतायत असं वाटतं. ज्या कार्यक्रमाला कीबोर्डवाला येत नाही, आणि आमच्याकडे तो मुंबईला गेला की येत नाहीच, तिथे गाणाऱ्याच्या मागे एवढं पुरतं.

नुसत्या पिकने हेच वाजवायचं तर मधली तार ओलांडून उडी मारावी लागते आणि वेगात ती चुकते. नुसत्या बोटांनी वाजवलं तर खालच्या सुरांना वजन राहत नाही. इथे पिक त्याला जे सोपं पडतं तेवढंच करतं, शेजारच्या दोन तारांवरून पडणं, आणि त्या दोन वाजल्या की उचलणं. तीच सवय. तो मुलगा हे वाजवता वाजवता थांबला आणि म्हणाला, "म्हंजे हयसरय उचलूचाच आसा." मी काही बोलले नाही, त्याचं त्याला सापडलेलं होतं.

आता त्याच्या डोक्यात करंगळी आली आहे. पिक तीन तारा, मग मधलं, अनामिका आणि करंगळी, म्हणजे सहाही तारा झाल्या, असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर आहे. पण अनामिका आणि तिच्या दोन्ही शेजाऱ्यांचे हाताच्या पाठीवरचे स्नायुबंध एकमेकांना जोडलेले असतात, टेबलावर मधलं बोट मुडपून ठेवून अनामिका उचलून बघा, कळेल. अनामिका एकटी मोकळी व्हायलाच वेळ लागतो, करंगळी तर आणखी अशक्त. मी त्याला सध्या एवढंच दिलंय: दुसरी आणि पहिली तार, मधलं-अनामिका, मधलं-अनामिका, पिक हातात धरून पण न वापरता, दोन्ही सूर सारखे येईपर्यंत. त्याला हे कंटाळवाणं वाटतं आणि ते आहेच. १ ऑगस्टला बोटी सुटतील, त्याच्या आत त्याला त्या चार कॉर्ड गाण्याबरोबर वाजवून दाखवायच्या आहेत. करंगळीचं पुढच्या पावसात बघू, असं मी म्हटलं. तो घरी जाऊन वाजवत असणार हे मला माहीत आहे.